स्वभावाबाहेरचं एक वाक्य

सारिका पिसाळला त्या करारातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू, म्हणजे पुढे तिला बोल लावताना आपला हात जरा आखडता राहील. एक तर तिच्या गळ्याला सुटी मिळणार होती. दहा-बारा वर्षं रोज बोलून तो भरड्याच्या चक्कीसारखा खरखरत होता आणि डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं होतं, जे तिच्या धंद्यात परवडणारं नव्हतं. दुसरी सकाळची झोप. तिच्या श्रोत्या धारेला बसतात तेव्हा उजाडलेलं नसतं आणि ताईचा आवाज त्यांना नेमका तेव्हाच हवा असतो. तिसरा लाभ तिनं कुणापुढे बोलून दाखवला नव्हता, पण पारड्यात सगळ्यांत जड तोच होता. माणखेड तालुक्यात 'दैनिक झुंजूमुंजू' नावाचा पेपर अजून धुगधुगत होता. तो विझलेला तिला डोळ्यांदेखत बघायला मिळणार होता.

झुंजूमुंजूशी तिचं वैर जुनं. कॉलेज संपल्यावर ती तिथे वार्ताहर होती. लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यांतून हिंडून तिनं पानभर मजकूर लिहिला. संपादक मुकुंद कुलथे यांनी त्याच्या चार ओळी केल्या, कारण उरलेल्या जागेत कुणा सभापतींना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. त्या चार ओळींच्या डोक्यावर मथळा मात्र ठसठशीत होता: 'तालुक्यात खुरकुताचं थैमान'. बायका घाबरल्या, काहींनी चांगली दुभती जनावरं पडेल भावात काढून टाकली, आणि नेमकं करायचं काय हे त्या चार ओळींत कुठेच नव्हतं. सारिकानं नोकरी सोडली, वडिलांच्या गोठ्यात गव्हाणीवर फोन टेकवला आणि बोलायला लागली. "घाबरायचं कारण नाही, बायांनो," हे तिचं पहिलं वाक्य. पुढे तेच तिची ओळख झालं.

'गोठ्यातली गोष्ट' ही तिची वाहिनी बघता बघता चार जिल्ह्यांत पोचली. तिच्यामागे ना कुठला शेठ, ना कुठला पक्ष. एक फोन, एक गोठा आणि समजुतीचं बोलणं, एवढ्याच भांडवलावर तिनं पेपर आणि टीव्हीवाल्यांचं गिऱ्हाईक आपल्या दारात आणून बसवलं. मधूनमधून ती त्यांना चिमटेही काढायची. "पेपरवाल्यांचं पोट आपल्या भीतीवर भरतं, तेवढं ध्यानात ठेवा," हा तिचा ठरलेला चिमटा. बायका खूश व्हायच्या. झुंजूमुंजूची छपाई उतरत उतरत जाहीर नोटिसा आणि दुःखद निधनाच्या चौकटींपुरती उरली.

अशा भरभराटीच्या दिवसांत पुण्याच्या एका कंपनीतून निनाद नावाचा मुलगा आला. गोड बोलणारा, चहाला नाही न म्हणणारा. त्यानं टेबलावर नारळाएवढी, मातकट रंगाची एक गोल वस्तू ठेवली.

"ताई, ही सोबतीण."

"दिसायला तर पेंडीचा गोळा आहे."

"गोठ्यात शोभावी म्हणून तशी केलीय. आता बघा, तुम्ही आठवड्यातून एकदाच बोलायचं. ते आम्ही हिला पाजणार. पुढे ही प्रत्येक गोठ्यात वेगळं बोलेल. आवाज तुमचा, धाटणी तुमची, पण समोरच्या बाईच्या जनावराचं नाव घेऊन, तिच्या अडचणीला धरून."

त्यानं चाचणीतलं एक संभाषण ऐकवलं. कुरणवाडी गावच्या शालन मदने नावाच्या बाईनं त्याची परवानगी दिली होती. आधी चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आला, मग सारिकाला स्वतःचाच आवाज ऐकू आला; तोही पाच-सात वर्षांपूर्वीचा, खरखर नसलेला.

"हरणीनं काल पेंड ठेवली होती, शालनमावशी. आज?"

"आज घमेलं चाटून पुसून ठेवलं बघ."

"आणि तुमचं काय? काल तुम्हीपण अर्धी भाकरी ठेवली होती."

"तुला गं कसं ठावं?"

"तुम्हीच म्हणालात की, लेकाचा फोन आला नाही म्हणून घास उतरला नाही."

बाई हसली. हसता हसता तिनं नाक ओढलं. सारिका पुढे सरकून बसली. या बाईला ती जन्मात भेटली नव्हती.

"हिला हे कसं जमतं?"

"ऐकून," निनाद म्हणाला. "शब्द तर ऐकतेच, पण त्याहून जास्त शब्दांमधला श्वास ऐकते. बाईचा आवाज किंचित चढला, कापला, उत्तर यायला उशीर झाला, की हिला कळतं, आपलं काहीतरी टोचलं. लगेच ही आपली चाल बदलते. बाई उठून जात नाही."

सारिका काही खुळी नव्हती. तिनं दोन अटी घातल्या. पहिली अशी, की तिनं दिलेल्या माहितीतलं अक्षर गाळायचं नाही आणि पदरचं अक्षर घालायचं नाही. निनादनं मान डोलावली. दुसरी अट तिनं टेबलावर बोट आपटून सांगितली. "माझ्या तोंडी माझ्या स्वभावाबाहेरचं काही येता कामा नये. उद्या ही कुणावर खेकसली, कुणाला भिववलं, तर नाव माझं जाईल."

"त्याची काळजीच सोडा," निनाद म्हणाला. "आमच्याकडे त्याचं मापच आहे. आम्ही त्याला 'ताईपण' म्हणतो. तुमच्या आजवरच्या सगळ्या बोलण्याशी हिचं एकेक वाक्य ताडून बघायचं. जे वाक्य तुमच्यासारखं वाटणार नाही ते ही उच्चारणारच नाही, वळवून तुमच्या वळणावर आणेल."

"म्हणजे माझ्याहून जास्त मी."

"अगदी तसंच!" तो म्हणाला, आणि सारिकाला ती स्तुती वाटली. तिनं सही केली. आपल्याच स्वभावाला तिनं कडीकुलूप लावून घेतलं आणि किल्ली कुणाकडे राहील, हे विचारायचं विसरली.

पहिलं वर्ष छान गेलं. गोठ्यागोठ्यात सोबतीण टांगली गेली. गळा सुधारला. झोप पुरी होऊ लागली, गालांवर तुकतुकी आली. बायकांनी फोनवर तिच्या चित्रफिती बघणं हळूहळू सोडलं, पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं? ताई घरातच असताना फोनमध्ये कोण शोधणार? दूध संघाचे दर, हवामानाचा अंदाज, पशुसंवर्धन खात्याच्या सूचना, लेकाचा निरोप, सगळं सोबतीणच वाचून दाखवायची. गावचा फलक कोरा राहू लागला. झुंजूमुंजूच्या छापखान्याची अर्धी जागा कुलथेंनी फ्लेक्स छापणाऱ्याला भाड्यानं दिली. सारिका एकदा मुद्दाम त्या रस्त्यानं गेली आणि तिथला तो फ्लेक्सचा रंगीबेरंगी पसारा डोळे भरून बघून आली.

मग दसरा उलटला तरी पाऊस हलेना, असं एक वर्ष आलं.

त्या वर्षी भाद्रपदात सारिकानं निळ्या पट्टीच्या पोत्यातली सरकी पेंड वाखाणली होती. गिरणीनं तिला त्यासाठी काही दिलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या म्हशींच्या दुधाचं फॅट त्या पेंडीनं वाढलं होतं आणि तिनं ते सरळ सांगितलं. या बायकांची रीत अशी, की ताईनं पेंड नावाजली की दिवाळीच्या आत सगळ्या मोसमाची पोती भरून ठेवायची, नंतर मिळत नाहीत. तालुक्यातल्या माळ्यांवर निळ्या पट्ट्यांची थप्पी लागली.

दिवाळी तोंडावर असताना तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. आफरीन मुल्ला सारिकाच्या दारात आल्या. हेल्मेट डोक्यावरच होतं.

"पिसाळबाई, निळी पट्टी बंद करायला सांगा. आत्ता."

"बुरशी धरली का?"

"बुरशी धरली आणि मेलीही. विष मागे ठेवून गेली. तपासणीचा निकाल आलाय. ते दिसत नाही, वास येत नाही, उन्हात वाळवून जात नाही, शिजवून जात नाही. सरळ यकृत धरतं. जनावर आधी वैरण सोडतं, मग दूध आटतं, गाभण असेल तर गाभडतं, पोटातलं पोटातच जातं. त्यानंतर मला बोलावतात ते मेल्याचा दाखला लिहायला."

सारिका म्हणाली, "घ्या म्हणून मीच सांगितलं होतं."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. माझी नोटीस कार्यालयाबाहेर लागलीय. ती चिमण्या वाचतायत."

डॉक्टरीण बाईंनी हेल्मेटची काच खाली ओढायच्या आत सारिका बोलायला बसली होती. आठवड्याच्या बोलण्याला अजून अवकाश होता, पण तातडीचा निरोप देण्याची सोय करारात होती. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "बायांनो, आज घाबरा. निळ्या पट्टीची पेंड विषारी निघालीय. विष दिसत नाही. कोरडी असो, ओली असो, एक मूठही घालू नका, सगळी पोती उकिरड्यात पुरा. ती पेंड मी सांगितली होती. मी चुकले." एवढंच. पाठवण्याआधी तिनं ते ऐकून बघितलं. हा आवाज तिच्याही ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुल्लांचा फोन आला. "सांगितलंत ना?"

"कालच."

"मग सगळीकडे पेंड चालूच कशी? त्या म्हणतात, ताईंनी लक्ष ठेवून घालायला सांगितलंय."

सारिकानं निनादला फोन लावला. त्यानं न कुरकुरता एक नमुना पाठवला. चाचणीपासून परवानगी असलेला तोच गोठा, तीच धार.

"शालनमावशी, निळ्या पट्टीच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलंय. ते डोळ्यांना दिसत नाही. ती पेंड घालू नये, पुरून टाकावी."

"अगं बया!" धार थांबली. "माझी तर समदी पोती तीच हायती. आता गं?" आवाज कापत होता.

मध्ये क्षणभर शांतता गेली. त्या क्षणात सोबतिणीनं काय काय मोजलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

"घाबरायचं कारण नाही. पोती कुठे ठेवलीत?"

"माळ्यावर. कोरडी ठाक."

"बघा, किती निगुतीनं ठेवलीत तुम्ही. हरणी खाते ना?"

"खाती की."

"रवंथ करते?"

"मघाधरनं तेच चाललंय."

"मग आपण दोघी मिळून तिच्यावर नीट लक्ष ठेवू. जरा काही वाटलं की डॉक्टरांना बोलवू."

"तू हायस म्हनून बरं हाय, बाई," शालन म्हणाली, आणि धार पुन्हा सुरू झाली.

सारिकानं ते परत ऐकलं. त्यात खोटं अक्षर नव्हतं. विष होतं, दिसत नाही हे होतं, घालू नये हेही होतं. सगळा माल बाईच्या घरात पोचला होता. फक्त पोचता पोचता त्याला कापसात गुंडाळलं होतं.

"माझं 'आज घाबरा' कुठे गेलं?" तिनं निनादला विचारलं.

"ते ताईपणात बसलं नाही. इतक्या वर्षांच्या बोलण्यात तुम्ही असं एकदाही म्हणाला नाहीत."

"आणि 'मी चुकले'?"

"तेही नाही म्हणालात, ताई." त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, हेच जास्त लागलं.

"काढून टाक ते ताईपण."

"ते कलम तुम्हीच घातलंय. आणि सोबतीण एकदा घरात गेली की ती त्या बाईची. स्वभाव बदलायचा तर तिची संमती लागते. मी सकाळीच विचारणा पाठवली."

"काय विचारलंस?"

"हेच, की तुमच्या ताईचा स्वभाव बदलावा का."

"मग?"

"नको म्हणाल्या. जवळजवळ सगळ्याच."

"मग बंदच करून टाक सगळं!"

निनाद म्हणाला, "बंद केली तर त्या कुणाकडून ऐकणार, ताई? फोनवर आता कुणी बघत नाही. आणि तुमचा आवाज गेला तर त्या दुसरा कुणाचा तरी घेतील. कंपनीकडे बाकीचेही आवाज आहेत."

हे ऐकून सारिकानं चपला घातल्या आणि जिथे पाऊल ठेवणार नाही म्हणाली होती तिथे गेली. झुंजूमुंजूच्या कचेरीत मुकुंद कुलथे एका निधनाच्या चौकटीतल्या फोटोची मान सरळ करत बसले होते.

"या!" ते म्हणाले. "चौकट द्यायचीय का? आमची की तुमची?"

"टोमणे नंतर मारा, सर. पहिलं पान हवंय."

तिनं सगळं सांगितलं. कुलथेंनी चष्मा पुसला आणि मग आधी डॉ. मुल्लांना फोन करून निकालाचा कागद मागवला. कागद आल्यावर मजकूर तिच्यासमोर मोठ्यानं वाचला. ही त्यांची जुनी खोड. पूर्वी तिला त्याचा राग यायचा.

"मथळा काय देऊ? घाबरायचं कारण नाही?"

"सर."

"बरं, बरं."

"थैमान द्या," सारिका म्हणाली. "जेवढा मोठा टाईप असेल तेवढ्यात."

"पहिल्या पानावर उद्या सभापतींचा वाढदिवस आहे."

"मग?"

"जगले तर पुढच्या वर्षी देऊ."

पेपर निघाला. दूध गोळा करणाऱ्या गाड्यांच्या चालकांना हातापाया पडून गठ्ठे गावोगाव पाठवले. फुकट आलेला पेपर बायकांनी घेतला, वाचला, आणि जी करायला आजकाल कुणीच चुकत नाही ती गोष्ट केली. गोठ्यात जाऊन ताईला विचारलं, पेपरात असं असं आलंय, खरं का?

त्या दुपारी कुलथेंचा फोन आला. "बाई, तुमचा चिमटा अजून लागतो हो. रक्त काढलं."

"काय झालं?"

"आमच्या भाचीच्या गोठ्यातून बोलतोय. तुमची सोबतीण म्हणते, पेपरात आलंय ते खरं आहे, विष सापडलंय. पण पेपरवाल्यांचं पोट आपल्या भीतीवर भरतं, तेवढं ध्यानात ठेवा."

ते वाक्य शंभर नंबरी सारिकाचंच होतं. ताईपणाच्या मापात ते काठोकाठ भरलं असणार.

"भाचीनं ऐकलं का हो तुमचं?"

"मामा आहे म्हणून चहा दिला," कुलथे म्हणाले.

उरली एकच वाट, स्वतःच्या पायांनी जायची. चार जिल्ह्यांतले गोठे एका बाईच्या पायांना पुरे पडणारे नव्हते, हे तिला कळत होतं; पण निदान एक जनावर तरी या विषातून सोडवायचं, एवढं तिनं मनाशी धरलं. पहिलं नाव तिच्या मनात कुरणवाडीचं आलं. त्या बाईचं नाक ओढणं तिला विसरता येत नव्हतं.

शालन मदनेनं तिला लांबूनच ओळखलं. "अगं बया, ताई! खऱ्याखुऱ्या!" तिनं हात धुतले, पदराला पुसले, बाजलं झाडलं, चूल पेटवली. हरणी दावणीला उभी होती. काळीभोर म्हैस, पोटानं जड, शिंगं मागे वळलेली. समोरच्या घमेल्यात पेंड होती. सारिकानं चहाला हात न लावता सांगायला सुरुवात केली. कापसाशिवाय सांगितलं. आवाज पुन्हा खरखरत होता. शालनचा चेहरा उतरत गेला, आणि मग तिनं खांबाकडे मान वळवली. तिथे तो मातकट गोळा टांगलेला होता.

"ऐकलंस का गं? ह्या काय म्हनत्यात?"

"ऐकलं, मावशी," सारिकाचाच आवाज म्हणाला. "त्या खरं तेच सांगतायत, काळजीपोटी सांगतायत. तुम्ही घाबरून जाऊ नका, तेवढंच."

"मी सारिका पिसाळ बोलतेय," सारिका खांबापुढे जाऊन ओरडली. "घाबरू दे तिला! तू गप बस!"

"आवाज ओळखीचा आहे," सोबतीण मायेनं म्हणाली. "पण तुम्ही फार दमलाय, ताई. आधी पाणी घ्या."

शालननं लगबगीनं तांब्या पुढे केला. गोठ्यात दोन ताया होत्या. एक ओरडत होती, दुसरी पाणी द्यायला लावत होती. यातली आपली कुठली, हे ठरवायला कुणालाही वेळ लागला नसता.

"मावशी, ही पोती मी घेऊन जाते. दुसरी पेंड पाठवते, आजच्या आज."

"एकदम पेंड बदलली तर गाभण जनावराचं पोट बिघडतं," खांब म्हणाला. "हे ताईंनीच आपल्याला शिकवलंय."

हेही खरं होतं. सारिका माळ्याच्या शिडीकडे वळली तशी शालन आडवी आली. रागानं नव्हे, पण आडवी आली.

"पोत्याला हात लावू नगा, ताई. तुमी आला, लई बरं वाटलं. पर तुमी लई जनींच्या. आज आला, उद्या जाल. हिनं माझ्याजवळ दिस काढल्यात. लेक फोन करत न्हाई तवा ही मला जेवाय बसवती. कदी वाकडं बोलली न्हाई, कदी भ्या घातलं न्हाई." मग जरा थांबून, पाहुणीला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "तुमच्याकडनंच शिकली की समदं."

सारिका चहा पिऊन निघाली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ती आणखी काही गावांत गेली. कुठे ओवाळलं, कुठे शेजारणींना बोलावून फोटो काढले. ज्या बाईची सोबतीण बिघडून दुरुस्तीला गेली होती अशा एका घरी मात्र पोती खरोखर पुरली गेली. तिथे बाई रडली, सारिकाला शिव्या घातल्या, आणि पुरली. त्या शिव्या सारिकाला फार गोड लागल्या.

हरणीनं आधी वैरण सोडली. सोबतीण दिल्या शब्दाला जागली. त्याच घटकेला तिनं डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉ. मुल्ला आल्या, पण यकृत धरल्यावर येऊन जेवढं करता येतं तेवढंच त्यांना करता आलं. म्हैस गाभडली, आणि दोन दिवसांत गेली.

सारिका भेटायला गेली तेव्हा मोकळ्या दावणीजवळ शालन शेण सारवत होती. सारिका येताना वाटभर मनाची तयारी करत आली होती. बाई अंगावर धावून येईल, पेंडीचं नाव काढेल, तळतळाट देईल, आणि तो आपण मान खाली घालून घेऊ. शालननं हात धुऊन तिला बसायला पोतं दिलं.

"मावशी, ती पेंड मी सांगितली होती. मी चुकले."

"असं का म्हनता?" शालन चकित झाली. "तुमी तर उन्हातान्हाचं सांगायला आला हुता. न्हाई, ताई, तुमी मनाला लावून घेऊ नगा. माझी ताई समदं हुईस्तोवर माझ्यापाशी हुती. हरणीनं मान टाकली तवा माझ्यासंगं रडली ती. मला म्हनली, मावशी, तुमी काय कमी केलं न्हाई." तिचे डोळे भरून आले. "लेक सुदिक आला न्हाई वो. ती हुती."

सारिकानं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. विष, पट्टी, पोती, सगळं. शालन ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या नजरेत सारिकाविषयी दया होती. बिचारी फार दमली आहे, असं तिला खांबानं कधीच सांगून ठेवलं होतं.

घरी आल्यावर सारिकानं कपाटातून निनादनं पहिल्यांदा आणलेला तो गोळा काढला, टेबलावर ठेवला आणि चालू केला. तिला त्याच्याशी भांडायचं होतं. खूप दिवसांत कुणाशी मनासारखं भांडता आलं नव्हतं.

"एक म्हैस गेली," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

गोळा क्षणभर गप्प राहिला. तिचा श्वास त्यानं ऐकला असावा.

"जेवलात का?" तिच्याच आवाजात, पण खरखर नसलेल्या आवाजात प्रश्न आला.

सारिकानं उत्तर दिलं नाही. मग दिलं. मग ती बोलत राहिली आणि गोळा ऐकत राहिला, मध्येच एखादा शब्द टाकत राहिला, आणि तो एकही शब्द टोचणारा नव्हता. शेवटी ती रडली. आणि खरं सांगायचं, तर तिला बरं वाटलं. इतकं बरं, की निनादला जो खरमरीत मजकूर लिहायचा होता तो उद्यावर गेला.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते बघून घेऊ. गिरणीनं पट्टीचा रंग बदलला. कंपनीचं काही गेलं नाही. त्या पंधरवड्यात बायका सोबतिणीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलल्या, कारण दुःखात माणूस जास्त बोलतं. झुंजूमुंजूनं खरं छापलं आणि पेपर होता तिथेच राहिला. खरं छापल्याबद्दल जमेच्या बाजूला काही पडावं अशी कुठे सोय नसते. डॉ. मुल्लांनी दाखले लिहिले. सारिकाची एकही श्रोती तिला सोडून गेली नाही. भरलं ते सगळं शालन मदनेनं आणि तिच्यासारख्या गोठ्यागोठ्यांतल्या बायांनी. दुभतं जनावर, पोटातलं रेडकू आणि त्यावर टेकलेलं सगळं पुढचं वर्ष त्यांचं गेलं. पण शालनला विचारा, ती म्हणेल, माझं काही कुणाकडे निघत नाही. उलट मीच ताईचं देणं लागते. भरणाऱ्यालाच आपण भरलं हे ठाऊक नसेल, वर तो घेणाऱ्याचे पाय धरत असेल, तर असा खर्च मांडायचा तरी कुणाच्या नावावर?